मावसाजी विद्यापीठ तपासतात

आमच्या मावसाजींइतका टक्क्यांवर संशय घेणारा माणूस जबलपुरात दुसरा नसेल, आणि टक्क्यांशिवाय ज्याला सकाळचा चहा जात नाही असा माणूसही दुसरा नसेल. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पेपर आला की ते बातम्या बाजूला ठेवून आधी त्यातले आकडे गाठतात आणि एकेकाला उभं करून जाब विचारतात. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी एखाद्या कॉलेजची जाहिरात दिसली की ते पेपरालाच विचारतात, "टक्के कशाचे? भरती झालेल्यांचे, पास झालेल्यांचे, का ज्यांनी फोन उचलला त्यांचे?" पेपर काही बोलत नाही. मग ते समाधानाने पुढच्या आकड्याकडे वळतात. एकदा मावशीच्या गुडघ्यासाठी ते डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, या गोळीने शंभरातल्या नव्वद लोकांना आराम पडतो. मावसाजींनी हात जोडून विचारलं, "अच्छा, और बाकी दस का क्या होता है, डॉक्टरसाहब? उनमें से कोई बाहर बैठा है क्या?" बाहेर बाकावर जे बसले होते ते सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मावशी सांगते की त्या दिवशी तिच्या गुडघ्यापेक्षा तिचं तोंड जास्त दुखलं, इतकं तिने ते दाबून धरलं होतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं मला वाटतं. ते इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, आणि आत तयार झालेला माल गेटाबाहेर जाऊ द्यायचा की नाही, हे त्यांचं खातं ठरवायचं. सगळा माल तर कोणी तपासू शकत नाही. म्हणून ढिगातून थोडे नमुने काढायचे आणि त्यांच्यावरून ढिगाचा निकाल लावायचा. कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण नमुना काढणं काही सुटलं नाही. मटाराच्या दिवसांत घमापुरच्या बाजारात मी त्यांच्यासोबत पिशवी धरून जात असे. ते ढिगाच्या वरून एक शेंग घेत, मधून एक, आणि मग कोपरापर्यंत हात घालून अगदी तळातून एक. तिन्ही सोलून दाणे चावत, डोळे मिटून विचार करत, आणि मग म्हणत, "लॉट पास." एक भाजीवाली त्यांना चांगली ओळखून होती. ती लांबूनच ओरडायची, "आओ बाबूजी, मैंने नीचे का ऊपर कर दिया है, हाथ मत डालना!" त्यावर मावसाजी गंभीरपणे मला सांगत, "पाहिलंस? हिने नमुना बिघडवला. आता मधून दोन घ्या लागतील."

घरातही तेच. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी पोळ्यांच्या चळतीतून मधली पोळी ओढून पाहिली आणि 'कडा कच्च्या' असं म्हणून परत पाठवली. "मग काय केलंस गं?" मी मावशीला विचारलं. "काय करते? तपासणी खातं उपाशी झोपलं," मावशी म्हणाली. तेव्हापासून पोळ्यांच्या बाबतीत ते वरची घेतात आणि काही बोलत नाहीत. बाकी कशातही मात्र त्यांना भिडस्तपणा माहीत नाही. बुद्धविहारात रविवारी कोणी 'आज खूप लोक आले' म्हटलं, तर हे 'मागच्या रविवारच्या मानाने का पावसाळ्यातल्या रविवारच्या मानाने' असं विचारणार. कोणाच्या घरी पोरगा पहिला आला म्हणून पेढे आले, तर पेढा तोंडात टाकून 'वर्गात लेकरं किती होती' हे विचारणार. लोक त्यांना पेढे द्यायचे थांबले नाहीत, हे आमच्या समाजाचं मोठेपण आहे. आणि एक सांगायला हवं. ज्या वस्तूत खोट आहे तिला त्यांनी कधी चांगली म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या मामाच्या लग्नात नवरीकडच्या मंडळींनी जेवण कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी 'वरण पातळ' असं सांगितलं होतं.

त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली, एक नागपूरला गेली, एक रायपूरला. तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी आकडे वाचायची आणि ते 'कशाचे?' असं विचारायचे. आधी आधी मला उत्तर येत नसे. मग हळूहळू मी वाचायच्या आधीच शोधून ठेवायला लागले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. पप्पा गोहलपुरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, आई घर सांभाळते. गणित मला आवडतं हे मला मावसाजींच्या पेपरामुळे कळलं, शाळेमुळे नाही. हे शाळेबद्दल तक्रार म्हणून नाही सांगत, जे झालं ते सांगते आहे.

बारावीचा निकाल लागला आणि तो बरा लागला. आता पुढे कुठे, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच आला होता, म्हणून तो कसा सोडवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पप्पा एकच वाक्य म्हणाले, "भाऊ सांगतील तसं करू." भाऊ म्हणजे मावसाजी. पप्पांच्या लेखी या वाक्यानंतर विषय संपला. माझ्या लेखी मात्र तिथेच सुरू झाला. कारण मला इंदूरला जायचं होतं. तिथल्या विद्यापीठात गणित आणि संगणक एकत्र शिकवायचा एक अभ्यासक्रम होता, तो मी पत्रकात इतक्यांदा वाचला होता की विषयांची नावं पाठ झाली होती. पण हे मी कोणाला बोलले नाही. घरातली पहिलीच मुलगी कॉलेजात जाते आहे, तेही रात्रभराच्या गाडीने जायच्या गावात, हे तोंडातून कसं काढायचं? म्हणून मी गप्प राहिले आणि मावसाजींच्या निकालाची वाट पाहायला लागले. सगळं आता त्यांच्या हातात होतं.

मावसाजींनी काम मनापासून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी जमिनीवर सतरंजी टाकली, आम्हा सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "राज्यातली विद्यापीठं पाहायची आहेत. पहिले हे ठरवा की राज्य कोणतं." आम्हाला वाटलं होतं की निदान एवढं तरी ठरलेलं आहे. पण मावसाजींचा जन्म झाला तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, आणि त्यानंतर जे झालं ते त्यांच्या मते कागदावर झालं. रायपूर तर अगदी अलीकडे वेगळं झालं, त्याची त्यांना अजून सवयच झालेली नव्हती. त्यांनी सागर, भोपाळ, इंदूर, आपलं जबलपूर यांच्यासोबत नागपूर आणि रायपूरही मोजायला घेतले. मी भीत भीत म्हटलं, "मावसाजी, पण तिथं आपल्याला राज्याच्या जागा नाही मिळणार. आपलं मूळनिवासी प्रमाणपत्र मध्य प्रदेशचं आहे."

"काहून नाही मिळणार? आपण मूळ तिकडचेच आहोत ना?"

"तुम्ही मूळ तिकडचे आहात, कागद इकडचा आहे," मावशी आतून म्हणाली. "राज्य बदललं, तुमचं डोकं नाही बदललं."

ते बरंच वाद घालत राहिले. नंतर मी भांडी आवरायला आत गेले तेव्हा मावशी हळूच म्हणाली, "दोघी पोरी तिकडं आहेत ना बाई. म्हणून राज्य लहान होऊ देत नाहीत." बाहेर येऊन पाहते तर मावसाजींनी नागपूर आणि रायपूर बाजूला काढले होते, पण अगदी टाकून दिले नव्हते. 'राखीव' असं म्हणून त्यांची पत्रकं सतरंजीच्या कडेला ठेवली होती.

मग आली टक्केवारी. मी माहिती वाचून दाखवली की आपल्या गावातल्या विद्यापीठात अर्ज करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना जागा मिळते आणि इंदूरला फारच थोड्यांना. पप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलं गावातलंच चांगलं. जास्त लेकरांना घेतात. दिलदार माणसं दिसतात."

"अन् इंदूरवाले एवढ्यांना परत पाठवून राहिले तं आपल्या पोरीला काहून ठेवून घेतील?" मावशी म्हणाली. "तिकडं अर्जच नका करू."

आई म्हणाली, "पण जिथं गर्दी असते तिथंच चांगलं असते ना?"

मावसाजी हे सगळं ऐकत सुपारी कातरत होते. असा क्षण त्यांना फार आवडतो. "झालं सगळ्यांचं? आता मला सांगा, अर्ज कोणी केले?" त्यांनी समजावलं ते असं. हा अर्ज कंप्युटरवर भरायचा असतो आणि त्यात पाहिजे तितक्या ठिकाणांची नावं टाकता येतात. म्हणून ज्याला जायचं नाही तोही सहज इंदूरचं नाव वर टाकून देतो. "मिठाईच्या दुकानाच्या काचेतून पाहणारे सगळेच गिऱ्हाईक धरले, तं कोणतंही दुकान बहुतेकांना परतच पाठवते. अन् आपल्या गावातल्या विद्यापीठात अर्ज कोण करते? ज्याला खरंच तिथं जायचं आहे तो. हे दोन टक्के एका पंगतीत बसत नाहीत." पप्पांनी मान डोलावली. त्यांना समजलं नव्हतं, पण पंगतीचं पटलं होतं.

दुसरी गोष्ट मागच्या वर्षीच्या तक्त्याची. त्यात कोणत्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला ते दिलेलं असतं. पप्पांनी तो तक्ता स्वतःच एकदा पाहिला होता आणि सगळ्यात वरची ओळ वाचून दोन दिवस नीट जेवले नव्हते. मावसाजींनी त्यांना सांगितलं की मुलींची ओळ वेगळी, आपल्या प्रवर्गाची ओळ वेगळी, राज्यातल्या लेकरांची वेगळी. "पहिले आपली ओळ शोधा. दुसऱ्याच्या ओळीत उभं राहून आपली उंची काहून मोजता?" आम्ही आमची ओळ शोधली. मला इंदूर मिळू शकत होतं. नक्की नाही, पण मिळू शकत होतं. मी तक्त्यावरून नजर काढली नाही, कारण काढली असती तर सगळ्यांना कळलं असतं.

मावसाजींचं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं होतं. आमच्या ओळीखाली मुलांची ओळ होती, तिच्यात जो शेवटचा क्रमांक होता, तो ज्या पोराचा असेल त्याच्यात ते अडकून पडले. "हा सगळ्यात शेवटी आत गेला असेल," ते म्हणाले. "याच्या मागचा बाहेर राहिला. याला माहीत असेल का, की हाच शेवटचा?" पुढचे दोन-तीन दिवस ते या पोराबद्दल बोलत होते. त्यांनी त्याला बालाघाटकडचं एक गाव दिलं, एक शेळ्या राखणारी आजी दिली. पुढे मावशीने जेवताना विचारलं, "आणखी एक पोळी घेता का?" तर म्हणाले, "त्याला तिथं खानावळ मिळाली असेल का?" मावशी म्हणाली, "त्यालाच बोलवा मग जेवायला." मी हसले खरी, पण मलाही तो पोरगा दिसायला लागला होता.

इतकं झाल्यावर मला वाटलं, आता निकाल येणार. पण मावसाजी म्हणाले, "हे सगळं आत जाणाऱ्या मालाचं झालं. किती माल परत पाठवला, यावरून कारखाना कसा आहे ते नाही कळत. गेटातून बाहेर काय निघते ते पाहा लागते. चलो."

अशा रीतीने मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या गेटावर गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते, प्रयोगशाळा सुटल्या होत्या. मावसाजींची पद्धत अशी की गेटातून निघणाऱ्यांना मोजायचं आणि दर दहावा थांबवायचा. दहावा मोटरसायकलवर असला तर तो हातून जायचा, आणि मग ते पुन्हा एकापासून सुरू करायचे. रखवालदार बराच वेळ पाहत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "बाबूजी, किसका इंतज़ार है?"

"दसवें का," मावसाजी म्हणाले.

मी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. पहिला दहावा मुलगा, 'बेटा, आज क्या पढ़ाया?' एवढं ऐकूनच पळून गेला. त्याला वाटलं असावं की कोणी तपासायला आलं आहे, आणि ते खरंही होतं. पण नंतर पांढरा कोट हातावर घेतलेली एक मुलगी थांबली. तिने त्या दिवशीचा प्रयोग सांगितला. मावसाजींनी विचारलं, "समझ में आया?" ती म्हणाली, "थोड़ा-थोड़ा, अंकल." मावसाजी इतके खूश झाले की घरी येईपर्यंत स्कूटरवरून मागे वळून वळून मला सांगत होते, "थोडं थोडं म्हणाली! खोटी असती तं पूर्ण म्हणाली असती!" मी म्हणत होते, "मावसाजी, समोर पाहा."

इंदूरला ते एकटेच गेले. मावशीने पुरीभाजीचा डबा दिला, रात्रीच्या गाडीने गेले आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत निघाले. सकाळी परत आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि आम्हा सगळ्यांना बोलावून सतरंजीवर बसवलं. ते स्वतः उभे राहिले.

"इंदूर फेल," ते म्हणाले.

त्यांनी जितक्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही आज काय शिकवलं ते सांगता आलं नव्हतं. एक म्हणाला, 'अंकल, अभी तो पोहा खाने निकले हैं.' दुसऱ्याने उलट यांनाच विचारलं की सिनेमा कोणता लागला आहे. तिसरा गेटाला टेकून डोळे मिटून उभा होता, त्याला यांनी उठवलं नाही. "इमारत चांगली आहे. झाडं चांगली आहेत. पण बाहेर निघणारा माल पाहिला तं आपलं गावातलं बरं. पोरगी घरून जाईल, घरी येईल."

"झालं मग," पप्पा म्हणाले आणि त्यांनी मांडीवर हात टेकले, जसं काम आटोपल्यावर टेकतात. आई माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहत होते. मावसाजी कधी खोटं सांगत नाहीत, म्हणजे हे खरं असणार, असं मी मनाला समजावत होते. पण त्यांच्याच शेजारी बसून दोन वर्षं 'कशाचे?' ऐकलं होतं. ते आपोआपच डोक्यात फिरायला लागलं. टक्के कशाचे? पोरं कोणती? माझ्या तोंडून निघून गेलं, "मावसाजी, तुम्ही तिथं किती वाजता उभे होते?"

"सकाळीच. गाडीतून उतरलो, चहा घेतला, पोहोचलो. अकरा वाजले असतील."

"आपण इथं तं पाचला गेलो होतो."

"मग?"

"अकरा वाजता वर्ग चालू असतात. तेव्हा गेटातून जे बाहेर निघतात ते..." मला पुढचं वाक्य पुरं करता येईना. "ते तास चुकवणारेच असतील ना. आपल्या इथंही अकराला गेलो असतो तं असेच मिळाले असते."

"गप बस," पप्पा म्हणाले. "ते तुझ्यासाठी दोन रात्री गाडीत बसले अन् तू त्यांनाच शिकवून राहिली?"

मला रडू यायला लागलं. मावसाजींनी पप्पांना हाताने थांबवलं. मग ते खाली बसले. उभं राहून बोलणारा माणूस एकदम सतरंजीवर बसला की लहान दिसतो, तसे ते दिसले. त्यांनी मावशीकडे पाणी मागितलं, सगळं पिऊन तांब्या खाली ठेवला.

"परतीची गाडी रात्रीची होती," ते म्हणाले. "समोरच्या बागेत बाकावर बसून होतो. पाच वाजता पुन्हा गेटावर जाता आलं असतं. मनात आलं होतं."

"मग काहून नाही गेले?" मावशीने विचारलं.

"पाचला चांगले पोरं निघाले असते तं?" मावसाजी म्हणाले. "म्हणून नाही गेलो."

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या खात्यातला एक नियम सांगितला. ज्या मालावर आपला भाऊ, आपला जावई, आपलं कोणी काम करत असेल, तो माल आपण तपासायचा नसतो. दुसऱ्याला बोलवायचं आणि सही त्याने करायची. "मी हा लॉट हातात घ्यायलाच नको होता," ते पप्पांना म्हणाले. "माझा रिपोर्ट रद्द धरा."

"मग आता कोणाला विचारायचं?" पप्पा खरोखरच गोंधळले होते.

"तिला विचारा. घरात बसली आहे तुमच्या."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवतं, ते थोडे लाजले होते. कोणती भाजी करायची हेही त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. "तुला काय वाटते, बेटा?" मी इंदूर म्हटलं, पण इतकं हळू की मावशीने 'काय?' म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. मग मी सगळं एकदम बोलून टाकलं. ते चांगलंच आहे असं मी म्हणत नाही, ते नीट अजून कोणी पाहिलेलंच नाही, पण तिथं जे शिकवतात ते मला शिकायचं आहे. पप्पा विषयांची नावं विचारू लागले. मी सांगत गेले. त्यांतलं एकही त्यांना कळलं नसेल, पण त्यांनी मधेच थांबवलं नाही.

राइट टाउनमधल्या एका सायबर कॅफेत माझे पर्याय भरायला मावसाजींनीच मला नेलं. पण ते आत आले नाहीत. मी म्हटलं, "या ना, तुम्ही असले तं बरं वाटेल." ते म्हणाले, "नाही. मी या कामात नाही." आणि रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून राहिले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी. काम आटोपून मी बाहेर आले तेव्हा पहिलं नाव कोणतं टाकलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. स्कूटर सुरू करता करता मात्र म्हणाले, "एक विचारायचं राहिलं तिथं. मेसमध्ये भात रोज मिळते का काय माहीत. तुला भात लागते."

"मी विचारून घेईन, मावसाजी."

"तू काय विचारशील? ते हो म्हणतील. पाहा लागते."

मला इंदूर मिळालं. हॉस्टेलमध्ये येऊन महिनाही झाला नसेल, तर एका रविवारी दुपारी गेटावरून निरोप आला की कोणी गृहस्थ भेटायला आले आहेत. मावसाजी स्वच्छ पांढरा सदरा घालून गेटाजवळच्या बाकावर बसले होते. मुलींच्या हॉस्टेलात त्यांना आत येता येत नव्हतं, म्हणून मी मेसमधून भात आणि वरण डब्यात घालून बाहेर घेऊन आले. त्यांनी डबा मांडीवर घेतला, चमचा बाजूला ठेवला आणि हाताने पहिला घास घेतला. त्या दिवशी भात कच्चा होता. मी सकाळीच खाल्ला होता, मला माहीत होतं, दातांखाली कण लागत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. वरणाबद्दल त्यांनी नवरीकडच्यांना काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनी आता नुसतं 'कच्चा' म्हटलं असतं तरी मी, खरं सांगते, तिथेच रडले असते आणि कदाचित पिशवी भरून त्यांच्यासोबत परतही गेले असते. त्या महिन्यात मला घरची फार आठवण यायची.

त्यांनी हळूहळू चावून तो घास गिळला. मग दुसरा घेतला. डबा अगदी शेवटपर्यंत संपवला, बोटं पुसली, झाकण लावून माझ्या हातात दिला.

"चांगला आहे," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "राहा इथं."